हॉस्पिटॅलिटी

"परवाना गेला, धंदा बंद, अन् तुम्ही आम्हाले समोसे चारून राहिले?" दत्तोपंत ओरडले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं मनसोक्त ओरडायला मिळालं नव्हतं. "डायरेक्टर लोकांनी पहिले खुर्च्या सोडा!"

रामदासपेठेतल्या हॉलमध्ये सगळे भागधारक तापलेले. डायरेक्टर गौरांग माइकपाशी घाम पुसत उभा.

दुसऱ्या रांगेतून सिंधूताई उठल्या. धरमपेठेतल्या ज्या प्रसूतिगृहात त्या आयुष्यभर नर्स होत्या, तिथेच गौरांग जन्मला होता. पुढे तो म्हणाला, "मावशी, हॉस्पिटॅलिटीत पैसे लावा." ताईंनी 'हॉस्पिटल' तेवढं ऐकलं, मागचं शेपूट इंग्रजीचा नखरा समजून सोडून दिलं. नात पायलच्या नर्सिंग कॉलेजसाठी ठेवलेले पैसे त्यांनी विश्वासानं दिले.

"भाऊ, मंग वरडा," त्या दत्तोपंतांना म्हणाल्या. "गौरांग, पहिले हे सांग गा, पेशंट कुठं हलवले?"

सभा खदखदून हसली. ज्यांचे पैसे बुडाले होते तेही हसले. गौरांग तेवढा हसला नाही.

"मावशी, पेशंट नाहीत. आपला नाइटक्लब आहे. दारूचं लायसन्स गेलं."

"मतदानाच्या दिवशी यांनी चहाच्या कपात व्हिस्की विकली, बाई," दत्तोपंतांनी खुलासा केला. "अन् चहा मागणारा कोण? एक्साइजचा साहेब!"

सिंधूताई मटकन बसल्या. मनीषनगरच्या विहारात दर रविवारी त्या पंचशील म्हणत, त्यातलं पाचवं दारू न पिण्याचं. वस्तीतल्या बेवड्यांना घरी जाऊन झापत. मागच्या लाभांशातून तर त्यांनी विहाराला पंखा दिला होता.

दत्तोपंत आता हिशेबावर आले. "अपील करू. जे थांबतील त्यांचे पैसे वसूल होतील. ज्याले थांबायचं नाही, त्याचे शेअर मी आजच अर्ध्या भावात घेतो." त्यांचा राग डायरेक्टरांवर होता, दारूवर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

एकट्या सिंधूताई उठल्या.

गौरांग धावत खाली आला. "मावशी, थांबा ना. लायसन्स आलं की पूर्ण पैसे मिळतील. पायलची फी आहे न?"

"म्हंजे लोकं पुन्हा पितील, तवा माही पायल नर्स होईन?"

त्यानं मान खाली घातली. "मी नीट सांगायला हवं होतं."

"मीबी नीट इचारलं नाही, बाबू."

त्यांनी दत्तोपंतांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. "बाकीच्या फीचं पाहीन मी. घरोघरी इंजेक्शन देईन. हात चांगले हायेत अजून."

गौरांगनं पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी हिंदकळत होतं. ताईंनी ग्लास बाजूला ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहू लागल्या.

"अन् डायरेक्टर लोकांच्या राजीनाम्याचं..." दत्तोपंतांनी सुरुवात केली.

"चूप बसा जरा."

त्यांनी मनगट सोडेपर्यंत हॉलमध्ये कोणी बोललं नाही.