साडेदहाचा समुद्र

आठ बरण्यांत मिळून माशांच्या अकरा अळ्या निघाल्या. तीनदा मोजल्या, अकराच. साहेबांना तेवढं पुरे होतं. भरतीचं पाणी आत घेणाऱ्या खाजणाचं मुख बांध घालून बुजवायचं घाटत होतं आणि समुद्रातून पिल्लं आत येतच नाहीत, असा दाखला आमच्या प्रयोगशाळेने द्यायचा होता. अहवाल टाइप होऊन तयार होता. मोजणारी म्हणून खाली फक्त माझी सही हवी होती.

अकरा हा आकडा माझ्या गळी उतरेना. तांदळाच्या दाण्याहून लहान, काचेसारखी आरपार दिसणारी अळी समुद्रात जन्मते आणि वाढायला खाजणात येते. येत नसेल, तर आतले मासे काय आभाळातून पडले? मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. आठही वेळा एक सोडून एक सोमवार, सकाळचे साडेदहा. ऑफिस उघडतं, हजेरी होते, चहा होतो, मग जाळं पाण्यात पडतं. भरती मात्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते आणि पंधरवड्याने फिरून जवळपास त्याच वेळेला. भरती-ओहोटीचा तक्ता लावून पाहिला. आठही वेळा ओहोटी होती.

मामाची होडी आहे. त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पाणी बाहेर धावत असताना ती पिल्लं तळाशी दबा धरून बसतात, आत यायचं तर भरतीच्या पाठीवर बसून येतात, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक होतं. तुमच्या ऑफिसची वेळ समुद्राला कुणी कळवली नाही वाटतं, असंही वर ऐकवलं.

रविवारी साडेदहाला भरती होती. मामाच्या होडीतून गेले. तेच जाळं, ऑफिसात ओढतात तितकीच दहा मिनिटं. एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही, म्हणून तीनदा ओढलं. तिन्ही बरण्यांत पाचशेच्या वर अळ्या.

सोमवारी साहेबांनी आधी विचारलं की जाळं कुणाच्या परवानगीने नेलं. मग आवाज खाली आणून माझी नेमणूक महिनाअखेर संपते आहे, याची आठवण दिली. रविवारचा नमुना लावून मी सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी डोळा लावला नाही.

"आकडा अकराच आहे ना? मग सहीला काय हरकत आहे?"

"आकडा खरा आहे, सर. दाखला खोटा आहे."

"मोजणारी दुसरी मिळेल."

"मिळेल. ओहोटी तिलाही दिसेल."

अहवाल उचलून मी माझ्या टेबलावर आणला. त्यातल्या आकड्यांखाली पेनाने आठ तारखा लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर ओहोटी. त्याखाली रविवारचे तीन आकडे, समोर भरती. मग पूर्ण नावाने सही केली आणि साहेब जागेवरून उठायच्या आत आवक-जावकच्या खिडकीशी पोचले.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा अहवाल आहे की भांडण?"

"दोन्ही. शिक्का मारा."