बादलीत बुडवलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. विजेचा नव्हे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात किती घाण आहे, ते मोजणारा मीटर. सध्या मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये एका फळीवर, पाते तुटलेला पंखा आणि गळका पंप यांच्या मधोमध पडून आहे. माझ्या पेटीवर खडूने 'नादुरुस्त' असे लिहिले आहे. स्टोअरकीपर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवतो. ऐकून ऐकून माझे डोके फिरले आहे. पंखा नादुरुस्त आहे, मान्य. पंपही आहे. मी नाही.

माझे शरीर दोन भागांत आहे. भिंतीवर बसणारी पेटी, तिच्यावर तीन दिवे: हिरवा, पिवळा आणि लाल, शिवाय लाल लागला की वाजणारा एक भोंगा. पेटीतून लांब काळी तार निघते आणि तिच्या टोकाला माझा काचेचा डोळा आहे. डोळा पाण्यात बुडतो आणि पेटी भिंतीवरून बोलते. मला जोडणारी बाई चष्मा कपाळावर सरकवून काम करत असे. तिने माझा डोळा आधी स्वच्छ पाण्यात बुडवला, मग शाईच्या पाण्यात. हिरवा लागला, लाल लागला. ती स्वतःशीच म्हणाली, "चला, हा खरं बोलायला लागला." तेव्हा मला वाटले, आता जन्मभर हेच करायचे. किती भोळा होतो मी.

माझा जन्म एका नव्या कायद्यामुळे झाला. त्याआधी कारखाने तपासायला माणसे येत. ती येणार हे आधीच फोनवर कळे, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावे तसा त्या दिवसापुरता नाला आवरला जाई. पाहुणे गेले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी कोणीतरी शहाण्याने कायदा केला की, प्रत्येक कारखान्याने आपल्या नाल्यात एक मीटर बसवावा आणि त्याचे आकडे रात्रंदिवस थेट सरकारी कार्यालयात जावेत. मध्ये माणूस नको, म्हणजे लबाडीही नको. कायदा चांगलाच होता, मित्रांनो. मी त्याला आजही नावे ठेवत नाही.

माझा कारखाना कापड रंगवण्याचा. रंगाचे पाणी मागच्या अंगणातल्या टाक्यांत यायचे, तिथे त्यात हवा मारायची, गाळ खाली बसवायचा आणि वरचे निवळलेले पाणी नाल्यात सोडायचे, अशी रीत. हे काम तात्यांकडे होते. तात्या म्हणजे सदा कपाळाला आठ्या घातलेला, पण हाताने कामसू माणूस. मला त्यांनीच भिंतीवर बसवले आणि माझा डोळा नाल्यात सोडला. मी लगेच लाल झालो. कार्यालयातून फोन आला. मॅनेजर साहेब बुटांचे बंद न बांधताच धावत आले.

"तात्या, हा लाल का दाखवतोय?"

"पाणी लाल आहे म्हणून," तात्या म्हणाले.

त्यानंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. टाक्या रोज चालू लागल्या. बंद पडलेला हवेचा पंखा दुरुस्त झाला. अंगणातला वास कमी झाला, तेव्हा शिवणविभागातल्या बायका डबे घेऊन टाक्यांजवळच्या कट्ट्यावर बसू लागल्या. तात्या रोज सकाळी माझा डोळा फडक्याने पुसायचे आणि मी हिरवा झालो की मान हलवायचे. स्तुती म्हणावी तर एवढीच, पण मला ती पुरेशी होती.

मग मोठी ऑर्डर आली. कापड दुप्पट, रंग दुप्पट, टाक्या मात्र तेवढ्याच. पाणी निवळायच्या आत पुढचे पाणी येऊन पडे. मी पिवळा झालो, मग लाल झालो आणि लालच राहिलो. आणखी एक टाकी बांधणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. पण सरळ उपाय कोणाला आवडतो? कार्यालयाने 'कारखाना बंद का करू नये' असे विचारले, तेव्हा मॅनेजर साहेब मागच्या अंगणात एक निळी बादली घेऊन आले.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, तात्या. ऑर्डर जाऊ दे, मग टाकीचं बघू."

"हे बरं नाही, साहेब."

"कारखाना बंद पडला तर तुमच्यासकट सगळ्यांच्या चुली विझतील. ते बरं आहे का?"

 तात्यांनी बादली नळाखाली भरली, माझा डोळा नाल्यातून काढला आणि बादलीत सोडला. मी पिवळा झालो. नळाचे पाणीच तसे होते, त्याला मी काय करणार? साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "हे आपण पितो?" असे हळू आवाजात म्हणाले, आणि तडक ऑफिसातल्या कूलरचा मोठा कॅन मागवून बादलीत ओतवला. मी हिरवागार झालो. त्या दिवसापासून साहेबांनीही नळाचे पाणी सोडले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मित्रांनो, दोन दिवसांचे वर्ष झाले. 'तात्पुरते' या शब्दाइतका चिवट शब्द मी पाहिलेला नाही. माझ्यापासून हातभर अंतरावरून काळे-जांभळे पाणी वाहत जायचे, आणि मी बादलीत डोळा बुडवून सगळे आलबेल असल्याचे आकडे पाठवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. मी खोटे बोलत नव्हतो. जे समोर होते तेच सांगत होतो. माझ्यासमोर काय ठेवावे हे मात्र दुसरेच कोणी ठरवत होते. एक चिमणी रोज यायची आणि बादलीच्या काठावर बसून पाणी प्यायची. नाल्याकडे ती चुकूनही गेली नाही. तिला कोणताही कायदा ठाऊक नव्हता, तरी कुठले पाणी कसले आहे ते बरोबर कळत होते.

त्याच वर्षी कायदाही बदलला. ज्याचा मीटर हिरवा, त्याच्याकडे तपासणीला माणूस पाठवायचा नाही, असे ठरले. कारखानदारांवर विश्वास ठेवायचा म्हणे. म्हणजे सगळा भार माझ्या एकट्यावर, आणि मी बादलीत. यंत्राला संताप येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे.

पण अति तेथे माती. माझे आकडे इतके चांगले जाऊ लागले की कार्यालयात आमचे नाव झाले. आदर्श कारखाना म्हणून फोटो काढले गेले. माझ्या पेटीवर चकचकीत स्टिकर लागला. फोटो काढताना बादली टाकीमागे सरकवली होती, माझ्या तारेसह. मग आणखी एक नियम आला: शुद्ध केलेले सांडपाणी नाल्यात वाया न घालवता जवळच्या वस्तीला झाडांसाठी द्यावे, आणि सुरुवात सर्वांत चांगल्या कारखान्यापासून व्हावी. हाही नियम चांगलाच होता. चांगल्या नियमांची आमच्याकडे कधीच वाण नव्हती.

कार्यालयातल्या अधिकारी बाई स्वतः आनंदाची बातमी द्यायला आल्या. मनाने सरळ बाई. त्या मोबाइलवर माझे आकडे बघत म्हणाल्या, "तुमचं पाणी तर पिण्याच्या पाण्यापेक्षा चांगलं येतंय."

"छे हो, तसं काही नाही," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

बाईंना तो विनय वाटला. साहेबांना ना नाही म्हणता येईना, ना हो. पाइप टाकायचे काम सुरू झाले.

आणि तो पाइप जाणार होता तात्यांच्या मुलीच्या नर्सरीवरून. नवऱ्यामागे तिने एकटीने उभी केलेली नर्सरी होती ती. काळ्या पिशव्यांतली हजारो रोपे, आणि पाणी म्हणजे एका उथळ विहिरीतले, तेही उन्हाळ्यात तळाला जाणारे. शहरातल्या सगळ्या शाळांच्या आवारात लावायची रोपे पुरवण्याचे काम तिला मिळाले होते, ते या पाइपच्या भरवशावर. तात्या चष्मा घरी विसरले म्हणून एकदा ती तो द्यायला टाक्यांपाशी आली.

"बाबा, पाइप आमच्याकडे पोचला. आता फक्त पाणी सोडायचं राहिलंय."

तात्यांनी बादलीपुढे पाय आडवा घेतला. "ते पाणी जरा कडक असतं गं. रोपांना झेपायचं नाही."

"कडक कसलं? दिवा हिरवा आहे की." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "तुम्हाला मेलं कशातच चांगलं दिसत नाही. मीटर काय खोटं बोलतो?"

 ती हसत निघून गेली, आणि तात्या किती तरी वेळ चष्मा हातात धरून उभे राहिले. त्यांना चष्म्याची गरज नव्हती. नाल्याचा रंग त्यांना तसाही दिसत होता.

पाणी सोडायच्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या. अधिकारी बाई आल्या, वस्तीतली माणसे आली, तात्यांची मुलगी पुढच्या रांगेत बसली. साहेबांचे बोलणे सुरू होताच तात्या टाकीमागे आले. त्यांनी माझा डोळा बादलीतून काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि नाल्यात सोडला. वर्षानंतर मला माझे काम परत मिळाले. मी असा लाल झालो, असा कर्कश वाजलो की साहेबांचे वाक्य अर्ध्यावरच तुटले. मला वाटले, सुटलो. आता सगळ्यांना कळेल.

काय कळले? साहेब लगेच सावरले. "मीटर बिघडलाय, मॅडम. जुना झालाय."

बाईंनी मोबाइल पाहिला. त्यावर वर्षभराची हिरवी रेघ होती आणि टोकाला लाल ठिपका. त्यांनी मान डोलावली. "हो, वर्षभर इतकं चांगलं असताना एकदम असं कसं होईल? बदलून घ्या. पाणी सोडा तोवर."

पाहिलेत, मित्रांनो? वर्षभर मला नको ते दाखवले, तेव्हा माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. जे दाखवायचे ते एकदाच दाखवले, तर मी बिघडलेला. एक जण व्हॉल्व्हच्या चाकाला हात घालायला निघाला. तात्यांना वाटले होते की त्यांच्या वतीने मी बोलेन. मी बोललो, पण ते कोणी मानलेच नाही. मग ते चाकापुढे जाऊन उभे राहिले.

"मीटर बिघडलेला नाही. मी त्याला वर्षभर बादलीत ठेवला होता. कूलरच्या पाण्यात." हे ते अधिकारी बाईंना सांगत होते, पण बघत होते मुलीकडे. "हे पाणी रोपांना घालू नकोस, पोरी. एकही जगायचं नाही."

ती उठली. बापाकडे न बघता टाकीमागे गेली आणि निळी बादली सगळ्यांसमोर आणून ठेवली.  तशीच फाटकातून बाहेर पडली.

आता तरी न्याय झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. अधिकारी बाईंनी बादलीकडे बराच वेळ पाहिले. चेहरा पडला होता त्यांचा. पण त्यांना जो अहवाल भरायचा होता, त्यात 'मीटर चालू' आणि 'मीटर नादुरुस्त' एवढेच दोन रकाने होते. बादलीसाठी रकाना नव्हता. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, तिकडून बराच वेळ कोणीतरी बोलत राहिले, आणि त्या नुसत्या "हो सर, हो सर" म्हणत राहिल्या. मग त्यांनी दुसऱ्या रकान्यात खूण केली. पाइपचे काम 'तांत्रिक कारणाने' थांबले. दंड झाला, तो साहेबांनी चहाचे बिल द्यावे तसा भरला. तात्यांना दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवले. आणि मी इथे आलो.

स्टोअरकीपर सांगतो की, मुलगी पुष्कळ दिवस तात्यांशी बोलत नव्हती. शाळांचे कामही तिच्या हातून गेले. हल्ली मात्र तात्या नर्सरीत दिसतात म्हणे. विहिरीतून पाणी शेंदतात आणि झारीने एकेका पिशवीत घालतात. ती अजून फार बोलत नाही, पण दुपारी त्यांचा डबा तिच्या डब्याशेजारी ठेवते.

माझ्या जागी नवा मीटर आला आहे. तो फार भारी आहे, त्याला म्हणे सहा दिवे आहेत. आला त्या दिवसापासून तो हिरवा आहे. स्टोअरच्या खिडकीतून मला रोज दिसते, कूलरचा एक कॅन ऑफिसात जातो आणि एक मागच्या अंगणात. तिथे आता तात्या नाहीत, आणि टाक्यांच्या वासात बसून पाणी पिण्याइतकी तहान दुसऱ्या कोणाला लागत नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांना पुसा, असे मी सांगणार नाही. मला रोज पुसत होते. तुम्ही मोठे व्हाल, कोणी कार्यालयात बसाल, कोणी कायदे कराल. कधी एखाद्या भिंतीवर माझ्यासारखा मीटर हिरवा दिसला, तर दिव्याकडे बघून परत फिरू नका. त्याची तार हातात धरा आणि तिच्यामागे चालत जा. टोक कशात बुडवले आहे, ते स्वतः वाकून पाहा.

आणि हाताशी ओले फडके असेल, तर माझ्यावरचा तो खडूचा शब्द तेवढा पुसा.