मागच्या खोलीसाठी भाषा

तीन भाषा रत्नाक्कांकडे बघण्याच्या कार्यक्रमाला आल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, तरी पायांत आणखी चपला होत्याच. रत्नाक्कांनी ते मनात टिपून ठेवलं.

सोलापुरात रत्नाक्का बिराजदारांची शेंगाचटणी चाळीस वर्षं घराच्या मागच्या खोलीत, उखळात कुटली जात होती. त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. लसूण किती, तिखट किती, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, आणि मरेपर्यंत त्या पडू देणार नव्हत्या.

सून भाग्यश्री चटणीची वेबसाइट करत होती. तिची ही पहिलीच.

"दिसणारं पान झालं, आत्याबाई. आता मागच्या बाजूला कॉम्प्युटरची एक भाषा कामाला ठेवायला लागती. गिऱ्हाईक पुढून मागणार, ती मागून काढून देणार. दिसणार कुणालाच नाही."

"मागच्या बाजूला म्हणजे माझ्या खोलीत."

"तसंच म्हणा."

"मग न बघता कशी घेऊ? तुला घेतलं का न बघता? बोलव सगळ्यांना."

म्हणून पोहे झाले होते, सोप्यात पाट मांडून भोवती रांगोळी काढली होती.

थोरलीचं नाव पीएचपी. इरकल जुनं, चार ठिकाणी रफू केलेलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत आपण कामाला आहोत, असं ती म्हणाली. दुसरी पायथन. तिच्या निऱ्या एकसारख्या, आणि दोन शब्दांमधली जागासुद्धा मोजून ठेवलेली. तिसरी जावास्क्रिप्ट उंबऱ्यात उभी होती, आणि त्याच वेळी आत चुलीपाशीही उभी होती.

"हिला पुढचं काम येतंच," भाग्यश्री म्हणाली. "मागचंही करते."

"दोन्हीकडं वावरणारी बाई इकडचं तिकडं करते," रत्नाक्का म्हणाल्या. "बसा पाटावर, एकेक करून."

तिघीही दिवाणावर ओळीनं बसल्या. पाटाकडं कुणी बघेना. बशांतले पोहे संपले, पण एकीचंही तोंड हललेलं रत्नाक्कांना दिसलं नाही.

"पाटावर बसायलाही शिकवलं नाही का घरच्यांनी? अशी मांडी घालायची," म्हणत रत्नाक्का स्वतःच रांगोळी ओलांडून पाटावर बसल्या.

दिवाणावरच्या तिघींनी पदर सावरले.

"नाव काय?" पायथननं विचारलं.

"सगळं सोलापूर ओळखतं मला."

"शिक्षण?"

"दुसरी. तुम्हा तिघींना शिकवीन इतकं पुरे आहे."

"कामं काय काय येतात?"

आता कुणी कामाचं विचारल्यावर रत्नाक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. शेंगदाणे भाजणं, पाखडणं, तेल सुटेस्तोवर कुटणं, सगळं त्यांनी सांगितलं.

"आणि प्रमाण?"

"ते सांगत नसते. मागेल त्याला चटणी देते, आतलं काही देत नाही."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"अशीच लागते," पीएचपी म्हणाली. उठून तिनं रत्नाक्कांना कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. "मागच्या खोलीसाठी पसंत आहे."

"कोण पसंत? बघायला मी बसलेय."

"पाटावर बसतं त्याला बघतात, आत्याबाई," भाग्यश्री म्हणाली. आठ वर्षांपूर्वी याच पाटावर रत्नाक्कांनी तिला हे याच आवाजात सांगितलं होतं.

ओटी भरल्यावर मागं फिरायची रीत बिराजदारांच्या घरात नव्हती. रत्नाक्का ताठ मानेनं मागच्या खोलीत गेल्या.

खोली सकाळपेक्षा लांब झाली होती. उखळ पार टोकाला दिसत होतं. दार लागलं. त्याच्या शेजारी भिंतीत एक फट होती, ती सकाळी नव्हती.

"अर्धा किलो, लातूर," फटीतून आवाज आला.

"कोण ते?" रत्नाक्कांनी विचारलं. त्यांच्या तोंडातला शब्द बाहेर गेलाच नाही. बाहेर अर्ध्या किलोची पुडी पडल्याचा आवाज आला. खोली एका फरशीनं वाढली.

"भाग्यश्री, दार उघड."

आणखी एक पुडी पडली. आणखी एक फरशी वाढली.

त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि दार चाचपलं. आतून कुलपाची जागाच नव्हती. कुलूप बाहेरूनच असावं, चोरून आत शिरणारीला आपल्या हातानं कोंडता यावं, म्हणून त्यांनीच सुताराकडून तसं करून घेतलं होतं.

त्यांनी किल्ली फटीतून बाहेर सरकवली आणि कान लावला. किल्ली जमिनीवर पडली नाही. पलीकडं ती कुणाच्या तरी कमरेला खोचल्याचा, आणि मग चालत दूर गेल्याचा आवाज आला.

"पाव किलो, पुणे," फट म्हणाली. "तिखट कमी."

चाळीस वर्षांत या खोलीत तिखट कमी झालं नव्हतं. रत्नाक्कांनी ते सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांचे हात तिखट कमी करू लागले.