चर्च लेनवरची पाटी

"किटली कुठल्या खोक्यात कोंबलीस?" टेरी स्वयंपाकघरातून ओरडला. "एक खोकं उघडलं तर तुझ्या आईचे पडदे. दुसरं उघडलं, परत पडदे! आता चहा काय पडद्यातून गाळून पिऊ?"

"फार उचकू नकोस रे," जॅनिस आरशासमोरून म्हणाली. "शुक्रवारी सह्या झाल्या की हलायचंच आहे."

"झाल्या तर."

"झाल्या की! तुझ्या तोंडाला काही बरं बोलायची सवयच नाही."

"त्या म्हातारीनं पाटी काढली का?"

जॅनिसनं कोट अडकवला आणि दार ओढून घेतलं. बसची वेळ झाली होती.

पाटी म्हणजे चर्च लेनवरच्या त्या टोकाच्या घरापुढे, हिरवळीत रोवलेली दलालाची 'विकणे आहे'ची पाटी. मार्चमध्ये घराच्या मालकीणबाई मिसेस ऑर्मरॉड 'घर तुलाच' म्हणाल्या, त्या दिवसापासून टेरी कानीकपाळी ओरडत होता. "पाटी काढायला लाव. दुसऱ्या कुणाला घर दाखवू नका म्हणून स्पष्ट सांग. सह्या होईपर्यंत शब्द म्हणजे नुसती हवा असते." आयुष्यभर बस चालवलेला माणूस तो. समोरच्याकडून वाट घ्यायची ती हॉर्न वाजवून, हे त्याचं तत्त्वज्ञान. जॅनिस दोनदा सांगायचं ठरवून गेलीसुद्धा. पण मिसेस ऑर्मरॉडनी कडेला सोनेरी रेघ असलेले कप काढले, नवऱ्यानं लावलेलं नासपतीचं झाड दाखवलं, आणि म्हणाल्या, "माझा शब्द म्हणजे शब्द हो." त्यावर 'पाटी काढा' म्हणायचं म्हणजे त्या बाईला खोटारडं म्हटल्यासारखंच. जॅनिसनं दुसरा कप घेतला आणि हवेबद्दल बोलली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

चर्च लेन ज्या लिंडेल ग्रीनमध्ये, तिथल्याच दवाखान्यात ती बावीस वर्षं स्वागतकक्षात बसत होती. कुणाचा रक्तदाब, कुणाची सून, कुणाचा कुत्रा, सगळं तिला ठाऊक. लोक म्हणायचे, "जॅनिस, तू तर आमच्यातलीच!" उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत चहाचं टेबल तीच सांभाळायची, कप विसळायची, आणि मग ही 'आमच्यातली' शेवटची बस पकडून रिंगरोडपलीकडे घरी जायची. दोन वर्षांनी निवृत्ती होती. मग लिंडेलला यायला तिला कारणच उरणार नव्हतं. इथल्या रस्त्यावरून काही काम नसताना चालायचं, एवढीच तिची हौस होती. आई गेल्यावर आलेला वाटा, टेरीच्या पेन्शनची उचल आणि त्या घराच्या गळक्या छपरामुळं उतरलेली किंमत, या तिन्हींच्या कृपेनं ते जेमतेम जमत होतं. त्यांचं स्वतःचं घर घ्यायला डॅनिएल नावाची एक मुलगी तयार होती. एकटीनं पोर वाढवत होती बिचारी. यांना चर्च लेनचं घर मिळालं की यांचं डॅनिएलला, अशी सगळी साखळी होती.

आणि इतका आनंद एकट्या माणसाला पोटात ठेवता येतो का? जॅनिस येणाऱ्याजाणाऱ्याला चर्च लेनचं कौतुक सांगायची. मागच्या महिन्यात फीबी वेनराइट नावाची एक नवी, पोटुशी मुलगी नाव नोंदवायला आली होती. लंडनहून आलेली, नवऱ्याबरोबर भाड्यानं राहणारी. "राहायला कुठला भाग चांगला हो?" तिनं विचारलं. जॅनिस म्हणाली, "चर्च लेन! शाळा हाकेच्या अंतरावर, सकाळी ऊन थेट स्वयंपाकघरात." आपण तिथं घर घेतोय, हे मात्र ती बोलली नाही. सह्यांआधी बोललं तर दृष्ट लागते, असं तिची आई म्हणायची.

अकराच्या सुमाराला दलालाचा फोन आला. पोरगेलासा आवाज. "मिसेस टफनेल, जराशी गडबड आहे. दुसरी एक ऑफर आलीय. मिसेस ऑर्मरॉडांच्या कन्या विचार करतायत."

"विचार? अरे, परवा सह्या आहेत!"

"हो ना. फारच वाईट वाटतंय आम्हाला."

जेवणाच्या सुट्टीत ती तरातरा चर्च लेनला गेली. फाटकापाशी थबकली. पाटी नव्हती. हिरवळीत खांबाचं भोक तेवढं राहिलं होतं, माती अजून ओली. त्या दुसऱ्या ऑफरवाल्यानं पहिल्याच दिवशी पाटी काढायला लावली होती. म्हणजे विचार कधीच करून झाला होता.

मिसेस ऑर्मरॉडनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग शिष्टाचार आठवला.

"ये ना. आज ऊन काय छान पडलंय नाही?"

"मिसेस ऑर्मरॉड, पाटी काढलीत."

"हो, ते माझी लेक हिलरी बघते सगळं. मला यातलं काही कळत नाही बाई." त्या किटलीकडे वळल्या. "दूध थोडंसंच ना तुला?"

"तुम्ही शब्द दिला होता मला."

म्हातारीचा हात कपावरच थांबला. "दिला होता गं," त्या हळूच म्हणाल्या. "दिला होताच की." मग त्यांनी टेबलावरची बशी पुढे सरकवली. "लिंबाचा केक आहे. सकाळीच केलाय."

जॅनिसला ती बशी भिंतीवर फेकावीशी वाटली. सोनेरी रेघेसकट. बावीस वर्षं या बाईच्या औषधांच्या चिठ्ठ्या वेळेवर काढून ठेवल्या, पाय मुरगळला तेव्हा हाताला धरून घरी आणून सोडलं, त्याचं हे फळ! हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण तिनं केक खाल्ला. छान झालाय म्हणाली. आणि निघताना दारात, देवाशपथ, "माफ करा हं, न कळवता आले," असंसुद्धा म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिला रडू आलं ते घरासाठी कमी आणि त्या माफीसाठी जास्त.

संध्याकाळी टेरीनं तिचा चेहरा पाहिला आणि 'मी सांगितलं होतं' हे वाक्य गिळलं. चाळीस वर्षांत त्यानं तिच्यासाठी केलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोठी असावी. तो कोपऱ्यावरून तळलेले मासे आणि बटाटे घेऊन आला. दोघांनी खोक्यावरच कागद पसरून खाल्ले.

"त्या डॅनिएलला दलाल कळवेल," टेरी म्हणाला. "तू नको डोक्याला त्रास करून घेऊस."

"दलाल काही नाही. मीच सांगते." जॅनिसनं बोटं पुसली आणि फोन लावला. "डॅनिएल? जॅनिस बोलतेय. आम्ही घेणार होतो ते घर गेलं. त्यामुळं हे घर तुला देता येत नाही. मी शब्द दिला होता आणि तो मोडतेय. तुला काय बोलायचं ते बोल."

डॅनिएल बोलली. बरंच बोलली, आणि तिच्या पोराला समजू नये अशा भाषेत बोलली. जॅनिसनं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी फीबी दवाखान्यात आली. पोट चांगलंच पुढं आलं होतं.

"पत्ता बदलायचाय," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचे किती आभार मानू! तुम्ही चर्च लेन म्हणालात, त्याच संध्याकाळी आम्ही फिरायला गेलो, आणि टोकाच्या घरापुढे पाटी! दलाल म्हणाला, आधी कुणीतरी होतं, पण पक्कं काही नव्हतं."

जॅनिसनं तिच्याकडे पाहिलं. 'ते कुणीतरी म्हणजे मीच', एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्या स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन या मुलीला मग कधीच नीट लागलं नसतं. रागानं जॅनिसचे कान तापले. तिनं ते वाक्य बोलून टाकावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"तर पत्ता लिहून घेता ना? पोस्टकोड मलाच अजून पाठ होत नाही, थांबा हं, फोनमध्ये..."

"राहू दे," जॅनिस म्हणाली. "मला येतो."

तिची बोटं कळफलकावर चालली. घराचा क्रमांक, चर्च लेन, लिंडेल ग्रीन, पोस्टकोड. कुठं अडखळली नाही. पत्ता बरोबर आहे का, असं संगणकानं विचारलं. जॅनिसनं चष्मा सारखा करून तो एकदा पूर्ण वाचला.

बरोबर होता.