काठावरची शीग

मी एक जुनी लाकडी पायली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी आता वजनकाटे असतील, म्हणून आधीच सांगते. पायली म्हणजे दाणे मोजायचे डब्यासारखे भांडे. माझे अंग जाड लाकडाचे आणि काठाला लोखंडी पट्टी आहे. बोलायला मी जरा फटकळ आहे. मापाने गोडगोड बोलून कसे चालेल? जेवढे आहे तेवढेच सांगायचे.

मला एका सुताराने घडवले. त्याने मला उलटीपालटी करून पाहिले, आत पाणी भरून पाहिले आणि म्हणाला, "हिला कोणी खोटी म्हणणार नाही." ते ऐकून मी अशी फुगले की विचारू नका. वेडीच होते. माप खरे असले की सगळे खरेच होते, असे मला वाटायचे.

मी शेंगा फोडायच्या एका शेडमध्ये आले. वर पत्रे, खाली गोणपाट आणि गोणपाटावर ओळीने बसलेल्या बायका. काम पेरणीच्या बियाण्याचे होते. यंत्राने शेंगा फोडल्या तर दाण्याची साल निघते, दाणा दुभंगतो आणि असला दाणा मातीत नुसताच कुजतो. म्हणून हातानेच फोडायच्या. अंगठ्याने टोकाशी दाब दिला की कट्ट आवाज होई आणि दाणे सुपात पडत. दिवसभर तेवढाच आवाज. मजुरी पायलीवर होती. मी जितक्या वेळा भरेन, तितकी बाईची मजुरी.

शेडमध्ये बायकांची एक रीत होती. पायली भरली की बाईने भिंतीवरच्या खिळ्याची काठी काढायची आणि स्वतःच्या हाताने माझ्या काठावरून सरळ फिरवायची. वर आलेले दाणे परत तिच्या सुपात. ही रीत आत्याने घालून दिली होती. ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण सगळ्यांत वडील म्हणून सगळ्यांची आत्या. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिला दम भरायची, "हे बघ बाई, काठाच्या वर एक दाणासुद्धा द्यायचा नाही. आज तू बोट दिलंस, की उद्या मालक आमचं मनगट धरेल."

मालक काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवे. बियाण्याचा व्यापारी दर हंगामाला भाव पाडून मागे. पलीकडच्या शेडवाला त्याहून स्वस्तात द्यायला टपलेलाच असे. "वरचा मला दाबतो, मी कुणाला दाबू?" असे मालक म्हणे, आणि म्हणता म्हणता त्याची नजर फाटकाकडे जाई. फाटकाबाहेर रोज सकाळी काम मागणाऱ्या बायका बसलेल्या असत. मित्रांनो, आतल्यांची मजुरी पुष्कळदा त्या फाटकाबाहेर ठरते. आत कोणी कुरकुर केली की मालक म्हणे, "परवडत नसेल तर उठा. पायलीच्या पन्नास मिळतात." असल्या बोलण्यात माझे नाव यावे, याचा मला फार संताप येई.

शेडमध्ये सगळ्यांत चपळ हात एका बाईचा, तिला सगळ्या थोरली म्हणत. तिची धाकटी बहीण ज्या कारखान्यात होती तो बंद पडला, आणि धाकटीचा नवरा काम शोधायला म्हणून गेला तो गेलाच. धाकटी कडेवर मूल घेऊन थोरलीच्या दारात आली. एका चुलीवर दोन घरे किती दिवस शिजणार? थोरली स्वतः अर्धपोटी राहू लागली. धाकटी रोज फाटकाबाहेर बसे आणि मालक रोज सांगे, "जागा नाही."

एका दुपारी थोरलीने मला भरले आणि काठी हातात घेतली. तेवढ्यात मालक समोरून आला. थोरली थबकली. तिने काठी परत खिळ्याला लावली, सुपात दोन्ही हात घातले आणि भरलेल्या पायलीवर एक ओंजळ ओतली. मग आणखी एक. शिगोशीग भरली मी. दाणे कडेने घरंगळायला लागले.

"मालक, बहिणीला घ्या की," ती म्हणाली. "आम्ही दोघी अशीच भरून देऊ."

मालक काठावरच्या त्या ढिगाकडे, त्या शिगेकडे बघत राहिला. मग हसला. "वा! अशी कामाची माणसं हवीत."

दुसऱ्या दिवशी धाकटी आत आली. तिच्या मागोमाग मालक आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आजपासून शीग लावूनच पायली धरली जाईल. थोरलीला जमतं, मग तुम्हाला काय धाड भरली?"

कट्ट कट्ट थांबले. सगळ्या थोरलीकडे बघू लागल्या. आत्या हळूच म्हणाली, "बाई गं, बहिणीला घास दिलास, पण आमच्या ताटातला."

"मला वाटलं, माझ्यापुरतंच राहील," एवढे बोलून थोरलीने पदर तोंडाला लावला. मला तिची कीव आली आणि रागही आला.

शीग किती उंच हवी यावर रोज भांडणे होऊ लागली. तेव्हा मालकाने सुताराला बोलावले. तोच सुतार, आता पाठीत वाकलेला. त्याने शिगेच्या उंचीची नवी फळी माझ्या काठावर ठोकली आणि वर पट्टी बसवली. माझ्याकडे मात्र त्याने नीट पाहिलेसुद्धा नाही. आता माझ्यात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दाणे मावत, पण एका पायलीची मजुरी तीच. कोणी हूं की चूं केले की मालक छातीठोक सांगे, "दर कुठे कमी केलाय? एक पैसा कमी केला असेल तर सांगा!"

आत्याने पुन्हा काठी फिरवायला लावली. "झालं ते झालं. या काठाच्या वर तरी आता कोणी जायचं नाही." सगळ्यांनी शपथ घेतली. धाकटीने सगळ्यांत मोठ्याने घेतली.

पण मोठी पायली भरायची तर हात पळवायला हवेत. बायका चोरून शेंगांवर पाणी शिंपडू लागल्या, म्हणजे टरफल मऊ पडे. कोणी दाताने फोडी. थोरलीच्या अंगठ्याला नखुरडे झाले. नखाच्या कडेला पू धरला, अंगठा टम्म सुजला. ती चिंधी बांधून फोडत राहिली, आणि तिची पायली सगळ्यांच्या मागून भरू लागली.

हंगाम संपता संपता व्यापाऱ्याने पोती परत धाडली. ओल्या दाण्यांना बुरशी आली होती, चिरलेले दाणे उगवलेच नव्हते. मालक त्या पोत्यांवर डोक्याला हात लावून बसला. मला वाटले, आता तरी ही फळी काढेल. कसचे काय! त्याने बायका कमी केल्या. पहिली आत्या गेली. मग त्याने थोरलीचा अंगठा पाहिला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बरी झालीस की ये हो." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली फाटकाबाहेर बसली होती. धाकटी बसायची तिथेच, धाकटीचे मूल मांडीवर घेऊन.

आत धाकटीने मला भरले. काठी काढली. फाटकाकडे पाहिले. समोरून मालक येत होता. तिने काठी खिळ्याला परत लावली.

नको गं बाई, असे मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठे आहे? आहे तो नुसता काठ.

तिने ओंजळ ओतली. मग आणखी एक.

"मालक, ताईला घ्या की. आम्ही दोघी अशीच भरून देऊ."

थोरली आत आली. दुपारी सुतार आला.

मित्रांनो, आता मी एवढी उंच झाले आहे की येणारेजाणारे म्हणतात, "केवढी ऐसपैस पायली!" मला जपा, मला तेल लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. खिळ्यावरची ती काठी मात्र जपा. तिला घुण लागायला आला आहे. ती एकटीदुकटीने फिरवून भागत नाही. सगळ्यांनी फिरवावी लागते, आणि पाहणाऱ्या मालकाने ती फिरवू द्यावी लागते. तुमच्यापैकी कोणी उद्या शेंगा फोडेल, कोणी फोडून घेईल. तेव्हा माझी आठवण ठेवा.

जमले तर लवकर या. फाटकाबाहेर आजही बायका बसल्या आहेत, आणि माझ्या काठावर आणखी एका फळीला जागा आहे.