फोर्ट टॅगर्टची कोठडी

फोर्ट टॅगर्टमधली लष्कराची एकच इमारत अजून उभी आहे, ती म्हणजे दगडी कोठडी. बाकी सगळं मोंटानाच्या वाऱ्याने नेलं. आमचं इतिहास मंडळ ती कोठडी आणि शेजारी नंतर बांधलेलं जुन्या वस्तूंचं दालन सांभाळतं. माझा थोरला भाऊ ऑर्विल अध्यक्ष होता, मी सचिव. आमचे आजोबा त्या ठाण्यावर सार्जंट होते, त्यामुळे ऑर्विलला सगळं ठाणंच घरचं वाटायचं.

पाहुणे आले की तो त्यांना कोठडीत पाठवायचा आणि बाहेरून धाडकन दार लावायचा. "दारू पिऊन दंगा केलात, आता भोगा!" लोक हसायचे, गजांआडून फोटो काढायचे.

एका जूनमध्ये मूळ अमेरिकन शायेन जमातीची एक बाई आली, डेल्फीन लोनएल्क. तालुक्याच्याच शाळेत शिकवायची. तिलाही आत पाठवून त्याने दार लावलं. आतून हसू आलं नाही. दार उघडलं तेव्हा ती भिंतीला हात लावून उभी होती.

"माझ्या आजीचे वडील इथे गारठून मेले," ती म्हणाली. "बाहेर त्यांच्या नावाची पाटी लावा."

"कागद आहे?"

"आजीने सांगितलंय."

"आज्या काय, काहीही सांगतात. इथे सैनिकांचा इतिहास आहे, बाई. तुमचा तुमच्याकडे ठेवा."

"माझाच माणूस तुमच्या कोठडीत आहे. मी कुठे ठेवू?"

तिने भांडण वाढवलं नाही. तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही सभासद होता येतं, असा आमचा नियम. ती झाली, तिचे भाऊ-भावजया झाल्या, शाळेतले दोघं-तिघं झाले. ऑर्विल संतापला. "घुसखोरी चाललीय," असं तो पेट्रोल पंपावर भेटेल त्याला सांगू लागला. कुणीतरी डेल्फीनच्या गाडीचे टायर फाडले. कुणी, ते आजतागायत कळलं नाही.

सप्टेंबरची वार्षिक सभा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये झाली. सभेनंतर खायला ठेवलेल्या गोड रुबार्ब-पायला कुणी सुरीसुद्धा लावली नाही. दोन्ही बाजू समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. डेल्फीनने पाटीचा ठराव मांडला.

"पुरावा नाही," ऑर्विल म्हणाला. "विषय संपला."

मी उभी राहिले. "बाबांनी आपल्याला सांगितलं होतं, ऑर्विल. गोठ्यात, धारा काढताना. आजोबा पहाऱ्यावर होते, आत एक शायेन होता, त्याला पांघरूण द्यायचं नाही असा हुकूम होता. सकाळी तो मेलेला सापडला. तूही तिथेच होतास."



"बाबा म्हातारे झाले होते," तो म्हणाला.

"तेव्हा ते चाळिशीतही नव्हते."

"खाली बस, मार्वा. आपल्या रक्ताला काळं फासतेयस."

मतदान हात वर करून झालं. तो माझ्या हाताकडे बघत होता. "हात खाली घे," हळूच म्हणाला. मी घेतला नाही. एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला.

ऑर्विलने खिशातल्या किल्ल्या टेबलावर फेकल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक आणून आजोबांचं खोगीर, तलवार, बिगुल, निळा कोट, सगळं उचलून घेऊन गेला. ते त्याने मंडळाला नुसतं मांडायला दिलेलं होतं, अडवता आलं नाही. दालनात काचेची रिकामी कपाटं उरली.

वसंतात त्याने हायवेलगतच्या त्याच्या धान्याच्या कोठारात त्या वस्तू मांडल्या आणि वर मोठा फलक लावला: 'खरं फोर्ट टॅगर्ट'. पाहुणे आधी तिथेच वळतात. आमच्याबद्दल विचारलं तर म्हणतो, "तिथे काही नाही, चोर बसलेत."

पाटी लागली. डेल्फीनच्या घरचे सगळे आले, एका म्हाताऱ्याने प्रार्थना म्हटली. मला वाटलं होतं, ती माझ्याशी दोन शब्द बोलेल. तिने नुसती मान हलवली. नंतर मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "तुमच्या आजोबांकडे पांघरूण होतं का, मार्वा?"

"असणार," मी म्हणाले.

ती तिच्या माणसांकडे निघून गेली. ऑर्विल अजून माझ्याशी बोलत नाही. दुकानात समोरासमोर आलो तर तो सामानाची ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत जातो.