तक्रार काही नाही

"मॅडम, मला विचारा ना! आईचं सगळं मीच बघतो."

दर पंधरा दिवसांनी शनिवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलसाठी दादा जेवणाच्या टेबलावर मोबाइल उभा करायचा आणि स्वतःच त्याच्यापुढे बसायचा. घरात आणि गोदामात सगळे त्याला दादाच म्हणत. माल भरलेल्या गाड्या वेळेवर सोडणं हे त्याचं काम, आणि घरही तो त्याच शिस्तीत हाकायचा. आईची साखर, रक्तदाब, वजन, सगळं त्यानं दवाखान्याच्या ॲपमध्ये तारीखवार भरलं होतं. आई शेजारच्या स्टुलावर बसायची. कॅमेऱ्यात तिचं कोपर तेवढं दिसायचं.

आधीचे डॉक्टर दादाशी बोलून चार मिनिटांत मोकळे व्हायचे. आज मात्र नव्या डॉक्टरबाई होत्या आणि त्या काही त्याला जुमानेनात.

"मधुमेह तुम्हाला आहे का?" त्यांनी विचारलं.

"मला कशाला असेल?"

"मग ज्यांना आहे त्यांना पुढे बसवा."

दादाचं टाळकं सणकलं. त्यानं मोबाइल जेमतेम वळवला. "तिला कमी ऐकू येतं. आणि एकदा बोलायला लागली की थांबत नाही. उगाच तुमचा वेळ जाईल."

"माझा वेळ त्यांच्यासाठीच आहे. मावशी, कसं वाटतंय?"

आईनं आधी दादाकडे पाहिलं, मग फोनकडे. "बरं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरबाई दादाला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जा आणि दार ओढून घ्या. मला एकट्या मावशींशीच बोलायचंय."

"माझ्याच घरातून मला बाहेर काढता?" दादा कडाडला. "औषधं मी आणायची, आकडे मी भरायचे, आणि बाहेरही मीच जायचं?"

पलीकडून उत्तर यायच्या आत त्यानं फोन कट केला आणि त्याच तिरीमिरीत ॲपवर एकच तारा देऊन लिहून टाकलं, 'डॉक्टर उद्धट आहेत. बदलून द्या.'

"मला बोलायचं होतं त्यांच्याशी," आई म्हणाली.

"मग माझ्याशी बोल ना! मी काय परका आहे?"

"मुलगा आहेस, म्हणूनच नाही बोलायचं."

ती उठली, खोलीत गेली आणि दार धाडकन लावून घेतलं.

पुढचे तीन दिवस घरात नुसती धुसफूस. आई त्याच्या हातून पाण्याचा पेलाही घेईना. दादाही ताठ. बायको म्हणाली, "अहो, आईंचं काहीतरी बिनसलंय. कपडे बदलताना कण्हत होत्या." तर तो तिच्यावरच खेकसला, "तू मध्ये पडू नकोस."

मंगळवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला होता. नोंदणीतला दुसरा नंबर माझा आहे. मी मोबाइल आईंच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले."

"माझ्या पाठीमागे?"

"हो, पाठीमागे! तुमच्या पुढ्यात त्यांना तोंड उघडता येत नाही म्हणून!" ती कधी नव्हे ती ओरडली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "छातीत गाठ आहे त्यांच्या. सात महिने झाले. उद्याच मोठ्या दवाखान्यात बोलावलंय."

दादानं मोबाइल काढला. दर पंधरवड्याला ॲप विचारत आलं होतं, 'नवीन काही त्रास?' आणि खाली त्यानंच लिहिलं होतं, 'तक्रार काही नाही.' त्यानं बोट सरकवत मोजलं. पंधरा वेळा! आणि त्या पंधरांपैकी एकदाही त्यानं आईला विचारलं नव्हतं!

तरी राग आधी आला. तो थेट तिच्या खोलीत घुसला. "सात महिने! एक शब्द काढला नाहीस? निदान सुनेला तरी सांगायचंस!"

"तिला सांगितलं असतं तर तासाभरात तुला कळलं असतं," आई शांतपणे म्हणाली, पण तिच्या डोळ्यांतला राग निवलेला नव्हता. "पूर्वी दवाखान्यात पडदा असायचा. तू बाहेर बाकावर, मी आत. काय सांगायचं ते सांगून यायची. तुझ्या फोनला पडदा कुठाय? दर खेपेला वाटायचं, आज डॉक्टर मला विचारतील. पण विचारायचे तुला! आणि तू धडाधडा उत्तरं द्यायचास, जसं काही मी तुझ्या गोदामातलं खोकं आहे!"

तपासण्या झाल्या. गाठ वाईटच निघाली. डॉक्टरबाई त्याच दवाखान्यातल्या; शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादानं त्यांना जिन्यात गाठलं.

"तुमच्या त्या ऑनलाइन कारभारानं घात केला आमचा," तो म्हणाला. "समोर नेली असती तर कळलं नसतं का?"

"शेवटी कळलं ते कुठून?" बाईंनी विचारलं. "फोनवरूनच. तेव्हा खोलीत तुम्ही नव्हतात, एवढाच फरक. आधीच्या डॉक्टरांचं चुकलं, मी नाही म्हणत नाही. पण फोनला दोष देऊ नका. त्यानं मावशींच्या गुडघ्यांचे हाल वाचवले, दोन तासांचा प्रवास वाचवला. फक्त, दवाखाना घरात आणल्यावर तिथला पडदाही घरच्यांनी आणायचा असतो."

बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या.

"आणि एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. सात महिने आधी कळतं, तर बहुधा एवढं कापावं लागलं नसतं."

त्या खाली निघून गेल्या. दादा पायरीवरच बसला. इतके दिवस तो कुणाकुणावर चिडला होता! डॉक्टरवर, ॲपवर, बायकोवर, आजारी आईवरसुद्धा! आणि आईचं तोंड बंद कुणी केलं होतं? काळजीच्या नावाखाली ते त्यानंच केलं होतं!

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढचे उपचार मात्र लांबले. दादानं ॲपवरचा शेरा काढून तिथे जाहीर माफी मागितली. आईनं इतक्या सहज माफ केलं नाही. सुनेकडून ती फोन लावायला शिकली, आकडे स्वतः भरू लागली. एका शनिवारी दादा तिच्याजवळ येऊन खाली मान घालून म्हणाला, "आई, चुकलो मी."

"चुकलासच," आई म्हणाली. "आता जा बाहेर, डॉक्टरांची वेळ झालीय."

पुढे एकदा गोदामात जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्यावरचा सोबती व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "नाही डॉक्टर, बाबांना काही त्रास नाही." बाबा तर कुठल्या कुठे, घरी!

दादानं डबा बाजूला सारला. "तुला कसं माहीत?"

"तुला काय करायचंय?" सोबती उसळला.

"डॉक्टरांना सांग, वेळ बदलून द्या. आणि त्या वेळी बाबांना फोनवर घे."

"हे बघ दादा, माझ्या घरच्या भानगडीत पडू नकोस!"

"पडणार!" दादाचा आवाज चढला तशी चार माणसं वळून बघू लागली. "मीही असंच सांगत होतो. पंधरा वेळा सांगितलं. आणि तेवढ्यात माझी आई अर्धी कापली गेली!"

सोबत्याचा चेहरा उतरला. त्यानं फोनकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "डॉक्टर... संध्याकाळी बोलू या का? बाबाच बोलतील."

वाचकहो, डॉक्टर आता आपल्या टेबलावर येऊन बसले आहेत, ही भाग्याचीच गोष्ट आहे. आपण त्यांच्यापुढे म्हाताऱ्या माणसांना बसवावं, फोन लावून द्यावा आणि मुकाट्यानं बाहेर जावं. ज्याचं दुखतं त्याला बोलू द्यावं. त्याच्या वतीनं 'काही नाही' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणीही दिलेला नाही!